लाइट गेली की स्पेक्ट्रमची पाटी कोरी

प्रश्न : आमचे थोरले काका पुण्यात नोकरीला होते. १९८८ च्या दिवाळीत त्यांनी आमच्यासाठी एक संगणक आणला. काळा, नुसत्या कीबोर्डाएवढा, वर ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ असं नाव. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम भरायचा. १९९३ च्या भूकंपानंतर काही महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, तेव्हा तो ट्रंकेत गेला तो गेलाच. यंदा घर रंगवायला काढलं तेव्हा बाहेर निघाला. गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकनं साफ करून दिला आणि चक्क चालतोय. पण आमच्या उमरग्यात लाइटचा काय भरवसा! घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की स्पेक्ट्रम पुन्हा पहिल्यापासून चालू होतो आणि टाइप केलेलं सगळं जातं. वायफायला, मोबाइलच्या चार्जरला काहीच होत नाही. असं का? धाकटा भाऊ म्हणतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी काढून थेट जोडू. जोडाव्यात का? आणि अशा जुन्या यंत्रांच्या पोटात एक बॅटरी असते, ती फुटून सगळं खाऊन टाकते असं ऐकलं. ती आमच्यात कुठं आहे? मुलगी आठवीत आहे, तिला यावर बेसिक शिकवायचं म्हणतो.
— एक वाचक, उमरगा

उत्तर : आधी धाकट्या भावाला थांबवा, बाकीचं सावकाश बोलू.

इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात खरी, पण ती नेमकी बारावर क्वचितच सापडते. चार्जिंग जोरात चालू असताना १४ च्या वर, भरून निवांत झाली की १२.७ च्या आसपास, आणि उतरली की ११ च्याही खाली. स्पेक्ट्रमला हवेत ९. शिवाय पिनेची भानगड वेगळीच. आजच्या बहुतेक ॲडॉप्टरांच्या गोल पिनेत मधलं टोक अधिक असतं. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधलं टोक उणे आणि बाहेरची कडा अधिक. राउटरचा ॲडॉप्टर हाताशी आहे, पिनही बसतेय, मग लावून बघायला काय हरकत आहे, असं म्हणत जगभरात कितीतरी स्पेक्ट्रम बळी गेले. भावाच्या दोन वायरींमध्ये जास्तीचे व्होल्ट आणि उलटी दिशा अशा दोन्ही चुका एकाच झटक्यात होण्याची सोय होती. आणि दीडशे अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीवर काम करताना हातातला पाना दोन टोकांना एकदम टेकला, तर संगणकाचं सोडाच, पानाही वितळायला लागतो. चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तिथं ठिणगी नकोच.

थोडे जास्त व्होल्ट गेले तर एवढं काय बिघडतं, असं भाऊ विचारेल. ९ व्होल्ट आत आले की त्यांना दोन वाटा फुटतात. एक वाट ७८०५ नावाच्या तीन पायांच्या रेग्युलेटरकडे जाते. तो नवाचे पाच व्होल्ट करतो आणि उरलेले चार अंगावर घेऊन उष्णता म्हणून सोडून देतो. म्हणून तर त्याला ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेला असतो. समजा त्याच्यातून पाऊण अँपिअर वीज वाहते. मग ही उष्णता ३ वॅट झाली. तिथं १४ व्होल्ट दिलेत तर जाळायचे व्होल्ट नऊ, आणि उष्णता पावणेसात वॅट. बंद प्लास्टिकच्या खोक्यात, पंख्याशिवाय, आणि बाहेर उमरग्याचा मे महिना.

दुसरी वाट जास्त नाजूक आहे. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ के मेमरीत ४११६ जातीच्या चिपा आहेत आणि त्यांना एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. ही जास्तीची दोन व्होल्टेज बोर्डावरच एका छोट्या कॉइलच्या आणि ट्रान्झिस्टरच्या जुळणीतून तयार होतात. अधिक १२ आले पण उणे ५ आले नाहीत, तर ४११६ चिपा मरतात. स्पेक्ट्रम दुरुस्त करणारा माणूस झाकण उघडल्यावर पहिल्यांदा इथंच मीटर लावतो. ही जुळणी नऊचे बारा करायला बनवलेली आहे. चौदाचे बारा करणं तिला जमत नाही.

आता तुमच्या यंत्राविषयी थोडं, कारण ते भारतात कसं आलं ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला आणि १९८४ च्या ऑक्टोबरात त्याला जरा बऱ्या कळा बसवून ‘स्पेक्ट्रम प्लस’ काढला. आत तोच झेड८० प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्‌झ, मेमरी ४८ के. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारत सरकारचं नवं संगणक धोरण आलं, आयातीच्या अटी सैल झाल्या, आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनं परवाना घेऊन हाच संगणक ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावानं इथं विकायला सुरुवात केली. १९९० च्या सुमारास त्याची बाजारपेठ आटली, पण तोवर काही हजार नग खपले होते. त्यातला एक उमरग्यात, भूकंपातून वाचून, ट्रंकेत तीस वर्षं काढून अजून चालतो, म्हणजे काकांनी पैसे वाया घातले नाहीत. माळ्यावर पत्र्याखाली न ठेवता ट्रंकेत ठेवला तेही बरं झालं. कळांखालचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा उष्णतेनं कडक होऊन तडकतो, आणि हा या यंत्राचा ठरलेला आजार आहे.

मेकॅनिकनं साफ करून दिला म्हणता. त्यांना एवढं विचारा की मूळ ॲडॉप्टर तपासला का. तीस-पस्तीस वर्षांच्या ॲडॉप्टरमधले कपॅसिटर सुकलेले असू शकतात. सिरीज लॅम्पवर एकदा लावून पाहिला की आत शॉर्ट आहे का ते बल्बच सांगतो. नंतर मीटर लावा. यंत्र जोडलेलं नसताना ९ व्होल्टचा हा जुना ॲडॉप्टर १२-१३ व्होल्ट दाखवेल; घाबरू नका, तो तसाच असतो, भार पडला की खाली येतो. अधिक-उण्याची दिशा मात्र याच वेळी बघून कागदावर लिहून ठेवा. ती पुढं लागणार आहे.

तर, इन्व्हर्टर असूनही स्पेक्ट्रम का विसरतो?

स्पेक्ट्रमची मेमरी डायनॅमिक जातीची आहे. त्यातला एकेक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा थेंब, आणि तो सतत झिरपत असतो. म्हणून दर दोन मिलिसेकंदांच्या आत सगळी मेमरी एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. वीज डगमगली की हे भरणं चुकतं आणि मग पडद्यावर पुन्हा सिंक्लेअर कंपनीचा १९८२ चा कॉपीराइट. यंत्रात हार्ड डिस्क नाही, फ्लॅश नाही, त्यामुळे जे टेपवर गेलं नाही ते गेलंच.

मोबाइलच्या चार्जरचं तसं नाही. त्यात घरातली वीज आधी सरळ करून ३०० हून जास्त व्होल्टला एका कपॅसिटरमध्ये साठवतात आणि मग खाली आणतात. कपॅसिटरमधली साठवण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तो बोटाच्या पेराएवढा असला तरी बराच वेळ कळ काढतो. शिवाय मोबाइलला स्वतःची बॅटरी आहेच, वर लाइट गेली काय नि आली काय. राउटरचा ॲडॉप्टरही याच जातीचा. स्पेक्ट्रमच्या जड, काळ्या ॲडॉप्टरमध्ये मात्र ट्रान्सफॉर्मर आधी आणि साठवण नंतर, तीही दहा-बारा व्होल्टला. ही साठवण सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी भरली जाते. एक भरणी चुकली तर निभावतं. दोन-तीन सलग चुकल्या की रेग्युलेटरला सात व्होल्टही मिळत नाहीत आणि तो पाच देऊ शकत नाही.

इन्व्हर्टरला लाइट गेल्याचं कळून बॅटरीवर यायला वेळ लागतो. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरांवर एक बटण असतं : यूपीएस मोड आणि साधा मोड. यूपीएस मोडमध्ये हा वेळ साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद, साध्या मोडमध्ये त्याच्या कितीतरी पट. ट्यूबलाइट-पंख्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर बहुतेकदा साध्या मोडवरच लावून दिलेला असतो. तुमचा तसा आहे का ते बघा. बटण यूपीएसवर केलंत तर कदाचित एवढ्यावरच प्रश्न सुटेल.

कदाचित म्हणतो, कारण त्यात आपल्याकडची एक मेख आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर चोखंदळ होतो. व्होल्टेज १८० च्या आसपास घसरलं की लाइट असूनही तो बॅटरीवर जातो. शेतीपंप सुरू झाले की डीपीवर जे होतं ते उमरग्याला समजावून सांगायची गरज नाही. मग बॅटरी विनाकारण उतरते, इन्व्हर्टर दर पाच मिनिटांनी टकटक करत इकडून तिकडं जातो, आणि घरातले लोक संगणकाला बोल लावतात. दुसरं म्हणजे इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲडॉप्टरला ती वीज मानवत नाही. महावितरणच्या २३० व्होल्टचं शिखर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जातं. निव्वळ चौकोनी लाटेच्या २३० चं शिखर २३० च. आपला ॲडॉप्टर शिखरावर जगतो. त्यामुळे इन्व्हर्टरवर त्यातून व्होल्ट कमी निघतात, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर ही तक्रार नाही.

पण एवढं सगळं करायचंच कशाला? स्पेक्ट्रमच्या मूळ ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर लिहिलेलं असतं. म्हणजे फार तर १३ वॅट, आणि प्रत्यक्षात साधारण सात. घरातल्या शून्याच्या बल्बाएवढी ही भूक. तिच्यासाठी १२ व्होल्टचे २३० करायचे आणि २३० चे पुन्हा ९ करायचे, हा उलटा धंदा आहे. बॅटरी ॲडॉप्टरच्या आधी न लावता नंतर लावा. म्हणजे लाइट, मग चार्जर, मग बॅटरी, आणि बॅटरीतून संगणक. असं केलं की लाइट जाण्याचा क्षण संगणकाला कळतच नाही, कारण तो आधीपासून बॅटरीवरच आहे. बदलायचं काही नाही, म्हणून बदलायला लागणारा वेळही नाही.

सामान तुमच्याकडेच मिळेल. डेस्कटॉपच्या यूपीएसमध्ये बसते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एसएमएफ बॅटरी. तिला १३.५ ते १३.८ व्होल्टवर स्थिर राहणारा चार्जर. चौदा-पंधरा व्होल्ट सतत देत राहणारा फुकटातला चार्जर नको, त्यानं बॅटरी फुगते. बॅटरीच्या अधिक टोकाला, अगदी लागून, दोन अँपिअरचा फ्यूज. त्यानंतर व्होल्ट खाली आणणारं बक कन्व्हर्टर मॉड्यूल. एलएम२५९६ चिपचं सगळीकडे मिळतं, शंभर रुपयांच्या आतबाहेर. हे मॉड्यूल दुकानातून येतं तेव्हा त्याचा स्क्रू कुठल्याही व्होल्टवर असू शकतो. संगणकाला लावण्याआधी मीटर लावून ९ वर आणा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे ट्रंकेतल्या धक्क्यानं तो फिरणार नाही. शेवटी पिन, मधलं टोक उणे. मघाशी लिहून ठेवलेला कागद तो हाच.

हिशोब असा : ८४ वॅट-तासांची बॅटरी, पण शिशाची बॅटरी रोज पूर्ण उतरवली तर फार दिवस टिकत नाही, म्हणून निम्मी वापरायची. मॉड्यूलमध्ये थोडी वीज जाते ती धरून स्पेक्ट्रम आठ वॅट घेतो. पाच तास सहज. बॅटरी बंद ट्रंकेत किंवा कपाटात कोंडू नका, आणि तापणाऱ्या पत्र्याखाली तर नाहीच. पंचविशीच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होत जातं, आणि आपल्याकडचे उन्हाळे चाळिशी ओलांडतात.

हे करायचा कंटाळा असेल तर बाजारात तयार माल आहे. वायफाय राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, आत लिथियमचे सेल. त्यातलं ९ व्होल्ट देणारं मॉडेल निवडा आणि ९ व्होल्टला ते निदान एक अँपिअर देतं का ते वाचा. त्याच्या पिनेत मधलं टोक अधिक असणार, म्हणून दिशा उलटवणारी वायर करून घ्यावी लागेल. ती वायर मेकॅनिककडून करून घ्या आणि तिच्यावर लाल चिकटपट्टी लावा. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. ८८०० एमएएच लिहिलं असेल तर ते सेलच्या ३.७ व्होल्टचे. म्हणजे साडेबत्तीस वॅट-तास, आणि ९ व्होल्टला ते जेमतेम साडेतीन एएच भरतात, त्यातूनही चढवण्यात काही जातात. तुमच्या संगणकाला साडेतीन तास मिळाले तरी पुष्कळ. तुमच्यासारख्याला मी हाच सुचवेन. एसएमएफची जुळणी ज्याला सोल्डरिंगची हौस आहे त्याच्यासाठी.

आता पडद्याचं बघू, कारण वीज खातो तो तोच. चौदा इंची जुना रंगीत टीव्ही पन्नास-साठ वॅट घेतो, म्हणजे संगणकाच्या सात-आठ पट. १९८८ साली ज्यांच्याकडे १२ व्होल्टचं सॉकेट असलेला पोर्टेबल कृष्णधवल टीव्ही होता ते यात सुखी होते. मराठवाड्यातल्या ज्यांनी १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पाहिलं, त्यांना ते सॉकेट आठवत असेल. त्याच टीव्हीवर त्याच बॅटरीनं स्पेक्ट्रमचं चित्रही दिसलं असतं, फक्त लाल-निळं सगळं करड्या छटांत. आज त्याला पर्याय आहे : गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी विकतात तो सात इंची पडदा. तो १२ व्होल्टवरच चालतो, पाच-सहा वॅटमध्ये भागवतो आणि त्याला पिवळी आरसीए पिन असते. अडचण एकच, स्पेक्ट्रम मूळचा टीव्हीच्या एरियल सॉकेटसाठी, यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर चित्र देणारा आहे. त्याच्या मॉड्युलेटरला वळसा घालून कॉम्पोझिट चित्र थेट बाहेर काढावं लागतं. हे काम टीव्ही मेकॅनिकला अर्ध्या तासाचं आहे. मग एसएमएफच्या एकाच बॅटरीवर संगणक आणि पडदा मिळून तीन तास चालतील, पडदा सरळ बारावर आणि संगणक नवावर.

टेपरेकॉर्डरची गंमत तुम्हाला आठवत असेलच. त्यात सेल घातलेले असत. लाइट गेली की संगणक सगळं विसरून काळाठिक्कर, आणि शेजारी टेप आपली चीं-चीं करत प्रोग्रॅम ऐकवतेच आहे, ऐकणारं कुणी नाही. ४८ के चा खेळ भरायला पाच मिनिटं लागत. चौथ्या मिनिटाला लाइट गेल्यावर तोंडातून काय निघत असे ते इथं छापण्यासारखं नाही. आज टेपऐवजी मोबाइलच्या हेडफोनच्या सॉकेटमधून स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटमध्ये वायर टाकून, आवाज पूर्ण वाढवून प्रोग्रॅम भरता येतो.

बॅटरीवाल्या जुळणीचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मे मध्ये वळीव गरजायला लागला, किंवा डीपीवरचा न्यूट्रल तुटून घरातले बल्ब पांढरेफटक तळपायला लागले, तर आपण पहिल्यांदा प्लग उपसतो. न्यूट्रल तुटल्यावर एखाद्या घरात २३० ऐवजी चारशेपर्यंत व्होल्ट येऊ शकतात आणि त्यात इन्व्हर्टरसकट सगळं जातं. स्पेक्ट्रम बॅटरीवर असेल तर चार्जरचा प्लग खुशाल उपसा, मुलीचं टाइप करणं थांबत नाही. छतावरचं एरियल त्याच टीव्हीला जोडलेलं असेल तर तेही काढा.

आणि पोटातली बॅटरी. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ती नाहीच. त्यात घड्याळ नाही, लक्षात ठेवायच्या सेटिंग नाहीत, तेव्हा बॅटरी ठेवणार कशासाठी? ज्यानं तुम्हाला सांगितलं तो खोटं बोलत नव्हता, फक्त दुसऱ्या यंत्राविषयी बोलत होता. पुढच्या काळातल्या २८६, ३८६ च्या मदरबोर्डांवर तारखेसाठी ३.६ व्होल्टची छोटी निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट सोल्डर केलेली असे, बहुधा निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली. अमिगा ५०० च्या जादा मेमरीच्या कार्डावरही तीच. पंचवीस-तीस वर्षांनी ती गळते, त्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या करत खात जातो, आणि यंत्र कपाटात बंद पडलेलं असतानाच मरतं. गेल्या काही दशकांत लाइट जाण्यानं जेवढे जुने संगणक मेले, त्याहून जास्त या बॅटरीनं मारले असावेत असं मला वाटतं. बॅटरी बाहेर असेल तर राखण करते, आत असेल तर घात.

म्हणून नात्यात, शाळेत, एखाद्या कॉलेजच्या अडगळीत ३८६ पडलेला असेल तर चालू करून बघण्याआधी झाकण उघडा आणि ती बॅटरी पक्कडीनं कापून काढा. चालू नाही झाला तरी चालेल, पण बॅटरी काढा. डाग पडले असतील तर कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा. क्षार आहे, त्याला आंबट पाहिजे. मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरच्या पांढऱ्या बुरशीला आपण खायचा सोडा लावतो कारण तिथं ॲसिड आहे. इथं सोडा लावलात तर काही उपयोग नाही. त्या जागी सीआर२०३२ चा बिल्ला बसवायचा असेल तर मध्ये डायोड हवाच. मूळ बोर्ड आपल्या बॅटरीला चार्ज करत असतो, आणि लिथियमच्या या बिल्ल्याला चार्ज करणं धोक्याचं आहे.

शाळेवरून आठवलं. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक दिले. पुढं मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावानं केलं. तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत हे घाणेरड्या पिवळसर रंगाचं, लाल-काळ्या कळांचं यंत्र सापडलं तर त्यातही बॅटरी शोधू नका. मॉडेल बी मध्ये ती नसते. त्याचं दुखणं वीजपुरवठ्याच्या डब्यात आहे. तिथं रिफा नावाचे पारदर्शक पिवळट फिल्टर कपॅसिटर असतात, त्यांच्या कवचाला तडे जातात, आत दमटपणा शिरतो, आणि किती तरी वर्षांनी प्लग लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत फट् आवाज होऊन खोलीभर घाण वासाचा धूर होतो. यंत्राला सहसा काही होत नाही, पण मुख्याध्यापक पुन्हा लावू देत नाहीत. तेव्हा आधी कपॅसिटर बदला, मग प्लग. हे यंत्र स्पेक्ट्रमसारखं बॅटरीवर सहज चालणारं नाही. त्याला साइन वेव्हचा यूपीएसच द्या.

मुलीला बेसिक जरूर शिकवा. पहिल्या दिवसापासून तिला ‘सेव्ह’ लिहून टेपवर उतरवायची आणि नंतर ‘व्हेरिफाय’ करून तपासायची सवय लावा, बॅटरी असली तरीही. कारण स्पेक्ट्रमची पॉवरची पिन ढिली असते आणि मागची वायर पायात अडकायला लाइट जावी लागत नाही. टेप लावण्याआधी रेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसा, इतक्या वर्षांचा चिकटा असणार.

एसएमएफची बॅटरी दोन-तीन वर्षांनी म्हातारी झाली की दुकानदार जुनी परत घेऊन नव्यात सूट देतो. शिशाला किंमत आहे, भंगारवालाही सोडत नाही. ३८६ मधून काढलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी मात्र कुणी विकत घेणार नाही. ती घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून ठेवा आणि सोलापूरला किंवा लातूरला जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.